विजेचा विटाळ

कोणतेही नवे वाद्य दाराशी आले की आधी त्याचे कूळ विचारावयाचे आणि मग सवड झाल्यास त्याचा सूर ऐकावयाचा, ही आमच्या सुशिक्षित समाजाची जुनी खोड आहे. कूळ पसंत पडले नाही, तर सूर ऐकण्याचा प्रसंगच येत नाही. ह्या खोडीपायी आम्ही आजवर काय काय गमावले, ह्याचा हिशेब कधी तरी मांडावयास हवाच होता. अलीकडे सांगलीस घडलेल्या एका लहानशा प्रकाराने तो मांडण्याचे निमित्त झाले आहे.

प्रकार असा. आमच्या परिचयाच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने घरच्या घरी एक गजाचे वाद्य तयार केले. जुन्या दाराची सागवानी फळी, व्हायोलिनच्या चार तारा, गिटारच्या खुंट्या, हाताने कोरलेली घोडी, घोडीखाली बसविलेली पैशाएवढी पातळ पिझो चकती, नऊ व्होल्टची एक बॅटरी आणि एक लहानसा ध्वनिवर्धक, एवढीच काय ती सामग्री. गज मात्र त्याने विकत घेतला, कारण घोड्याच्या शेपटीचे केस सारख्या ताणाने बसविणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. सहा-आठ महिने खटपट करून त्या वाद्यावर भूप आणि यमन ह्यांचे आलाप निघू लागले, तेव्हा तो ते घेऊन एका संगीतशिक्षकांकडे गेला. त्यांनी फळी पाहिली, फळीतून बाहेर आलेली वायर पाहिली, आणि 'ही वीज आहे, हा सूर नव्हे', असे म्हणून त्यास गज तारेवर टेकवूही न देता परत पाठविले. मुलाच्या वडिलांना ते पटले. त्यांनी त्याच आठवड्यात 'खरे वाद्य' म्हणून त्यास एकसष्ट पट्ट्यांचा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आणून दिला. शिक्षकांनी तो शिकविण्याचे आनंदाने मान्य केले. विजेवाचून त्या पेटीतून चकार शब्द निघत नाही, हे ना शिक्षकांच्या ध्यानात आले, ना वडिलांच्या!

शिक्षकांचा किंवा त्या गृहस्थांचा उपमर्द करण्याचा आमचा हेतू नाही. दोघेही सज्जन आहेत आणि दोघांनाही संगीताची आवड आहे. पण त्यांनी जे केले तेच आज शेकडो घरांत केले जाते, आणि ते संगीताच्या रक्षणाच्या नावाखाली केले जाते, म्हणून त्याचा प्रतिवाद करणे आम्हांस प्राप्त आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : आमच्या स्वरांचा शत्रू वीज नव्हे, शत्रू आहे ती आयती पट्टी. गजाने तारेतून सूर काढणाऱ्या मुलाच्या हातात वीज असली तरी त्याचा कान घडतो. पट्टी दाबणाऱ्या मुलाच्या हाती शिसवी लाकडाची, जर्मन सुरांची उत्तमातली उत्तम पेटी दिली तरी त्याचा कान घडेलच असे नाही, कारण तेथे सूर दुसऱ्याने लावून ठेवलेला असतो.

प्रथम ह्या वाद्यात वीज नेमके काय करते ते पाहू. राळ लावलेला गज तारेवरून ओढला की त्याचे केस तारेला चिकटून तिला आपल्याबरोबर थोडी ओढून नेतात; ताण असह्य झाला की तार निसटते, आणि लगेच पुन्हा धरली जाते. सेकंदाला दोनशे चाळीस कंपनांचा सूर असेल, तर हे धरणे आणि सुटणे सेकंदाला दोनशे चाळीस वेळा घडते. तारेच्या ह्या विलक्षण हालचालीचा उलगडा जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ ह्याने आपल्या १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केला. व्हायोलिनमध्ये ही हालचाल घोडीवाटे लाकडी पोटात उतरते, सारंगीत ती चामड्याने मढविलेल्या पोटात उतरते. आणि पोट हवेला हलविते. भरीव फळीला असे पोट नसते, म्हणून नुसता गज ओढल्यास खोलीच्या पलीकडे ऐकू जाईल न जाईल इतकाच नाद निघतो. घोडीखालची चकती ह्या नादाचे विजेत रूपांतर करते. काही स्फटिक दाबले असता त्यांतून वीज निघते, हा गुण पिएर आणि झाक क्यूरी ह्या बंधूंनी १८८० साली दाखविला. चकतीत त्याच गुणाचा उपयोग केलेला असतो. ध्वनिवर्धक त्या विजेचे पुन्हा नादात रूपांतर करतो.

म्हणजे येथे सूर उत्पन्न करते ती तार, सूर लावतो तो कान, सूर धरून ठेवतो तो उजवा हात आणि सूर हलवितो तो डावा हात. वीज हमालासारखी ओझे वाहते. तिच्या वाहण्यात दोष असू शकतात आणि आहेतही. चकतीतून निघणारी वीज इतकी अल्प आणि नाजूक असते की ती साध्या ध्वनिवर्धकाला थेट जोडली तर खर्जाकडचे सूर गळून जातात आणि आवाज किरटा होतो. त्यासाठी मध्ये एक लहानसे मंडल बसवावे लागते. घरातील विजेच्या वायरींचा गुंई असा आवाज वाद्यात शिरतो, त्यासाठी आतला भाग तांब्याच्या पातळ पत्र्याने झाकून तो पत्रा मंडलाच्या ऋण टोकाला जोडावा लागतो. पण हे सर्व दोष ओझे वाहणाऱ्याचे आहेत. हमालाने गाठोडे वाकडे धरले म्हणून गाठोड्यातला शालू खोटा ठरत नाही.

आता ज्यांना विजेचा एवढा विटाळ वाटतो, त्यांच्या बैठकीकडे वळू. गवयासमोर मायक्रोफोन असतो, दोन्ही अंगांस ध्वनिक्षेपक असतात, आणि मांडीजवळ विजेचा तंबोरा सुरू असतो. हा तंबोरा बंगळूरच्या जी. राज नारायण ह्यांनी १९७९ साली सिद्ध केला, आणि आज मिरजेपासून मेलबर्नपर्यंत ज्या ज्या घरी आमचे गाणे शिकविले जाते तेथे तो, किंवा त्याचेच मोबाईल फोनमध्ये शिरलेले रूप, आढळते. त्याच्या पेटीत तार नावालाही नाही. ज्या वाद्यात एकही तार नाही ते चालते, आणि ज्यात चार खऱ्या तारा खऱ्या गजाने वाजतात ते विजेचे म्हणून वर्ज्य! हे सोवळे आमच्या आकलनापलीकडचे आहे. विजेचा तंबोरा वापरू नये असे आमचे म्हणणे नाही. एकट्याने मेहनत करणाऱ्या गरीब विद्यार्थ्यास तो मोठाच आधार आहे. आमचे म्हणणे एवढेच की, विटाळ मानावयाचा तर सर्वत्र मानावा. सोयीच्या जागी गंगाजल आणि गैरसोयीच्या जागी विटाळ, असा व्यवहार करू नये.

दुसरा आक्षेप असा की, हे वाद्य परंपरेतले नाही आणि ते घडविणारा परंपरेतला कारागीर नाही. ह्याचे उत्तर सांगलीहून दोन-तीन कोसांवर मिळते. मिरजेच्या सतारींना आणि तंबोऱ्यांना देशभर मान आहे. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. हा धंदा ज्यांनी उभा केला ते फरीदसाहेब कोणा बीनकाराचे वंशज नव्हते. ते शिकलगार होते. म्हणजे तलवारी घडविणे आणि त्यांना धार लावणे हा त्यांच्या जातीचा पिढीजात व्यवसाय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, शस्त्रांचे दिवस संपत आले तेव्हा, मोडकी वाद्ये दुरुस्त करता करता त्यांनी भोपळ्याची आणि लाकडाची विद्या हस्तगत केली. त्यांच्या दाराशी त्या वेळी कोणी येऊन 'तुम्ही तर तलवारीवाले, तुम्हांस जवारी काय कळणार?' असे म्हटले असते, आणि त्यांनी ते ऐकले असते, तर आज आम्ही मिरजेचे नाव कशासाठी घेतले असते?

व्हायोलिनची गोष्ट तर ह्याहून स्पष्ट आहे. ते उघडच परदेशी वाद्य. दक्षिणेत बाळुस्वामी दीक्षितरांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते कर्नाटक संगीतात आणले. उभ्याने हनुवटीखाली धरावयाचे वाद्य मांडी घालून बसलेल्या वादकाच्या हाती आले. आमच्या सातारा जिल्ह्याने ह्या परक्याला जो मान दिला त्याचा आम्हांस अभिमान वाटतो. औंध संस्थानचे गायक अंतूबुवा जोशी ह्यांचे चिरंजीव गजाननबुवा हे थोर गवई, पण व्हायोलिनही त्यांनी बहुतांशी स्वतःच्या परिश्रमाने असे आत्मसात केले की त्यांचा गज गाऊ लागला. वाईस १९२२ साली जन्मलेले विष्णु गोविंद जोग ह्यांनी पुढे देशभर नाव मिळविले, आणि बिस्मिल्ला खाँ ह्यांच्या सनईच्या जोडीने त्यांचे व्हायोलिन रसिकांनी ऐकले. कूळ विचारण्याची आमची खोड ह्या दोघांच्या आड आली नाही, हे आमचे भाग्य.

पण सारंगीच्या आड ती आली. ह्या प्रकरणातला खरा दुखरा भाग येथेच आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मानवी कंठाच्या जवळ जाणारे सारंगीइतके दुसरे वाद्य आमच्याकडे नाही. आतड्याच्या तीन जाड तारा नखांच्या मुळांनी दाबावयाच्या, खाली तीस-पस्तीस तरफांच्या तारा प्रत्येक सुराला हुंकार देतात. अशा वाद्याला शिरावर घेऊन नाचावयास हवे होते. मराठी रंगभूमीने काही काळ ते केलेही; बालगंधर्वांच्या कंपनीत ऑर्गन आणि तबल्याच्या जोडीला कादरबक्ष ह्यांची सारंगी असे. परंतु सारंगी कोठ्यावरची, नायकिणींच्या साथीची, म्हणून प्रतिष्ठित घरांनी तिला उंबऱ्याच्या आत घेतले नाही. किराण्याच्या सारंगियांच्या घराण्यात जन्मलेले अब्दुल करीम खाँ, ज्यांनी मिरजेस आपले घर केले आणि १९३७ साली ज्यांचा देह मिरजेच्याच दर्ग्यात विसावला, त्यांच्या गाण्यास आम्ही डोक्यावर घेतले. त्यांच्या घराण्याच्या वाद्यास मात्र ओसरीवरच ठेवले. तिच्या जागी घरोघर बाजाची पेटी आली. ती स्वच्छ, सोपी आणि कुलीन. शिवाय ती लावावी लागत नाही! आज सांगली-साताऱ्याच्या मध्यमवर्गीय घरांतून मुलीला वा मुलाला सारंगी शिकविणारे पालक शोधू गेल्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके तरी सापडतील का? एका विटाळाने आम्ही एक वाद्य गमावले. आता दुसऱ्या विटाळाने दुसरे गमावणार आहो.

पेटी सोपी आहे हा तिचा गुण खरा, परंतु त्या सोपेपणाची किंमत काय हे मोजून पाहावे. आमचा शुद्ध गांधार षड्जाच्या सव्वापट कंपनांचा. समान अंतराने बारा स्वर बसविलेल्या पेटीतला गांधार त्याहून चढा असतो. एका अर्धस्वराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भागांनी चढा. हे चौदा भाग म्हणजे किती, असा प्रश्न पडेल. व्हायोलिनएवढी, तीनशे तीस मिलिमीटर लांबीची तार घ्या आणि ती मोकळी असता तिला षड्ज समजा. शुद्ध गांधारासाठी दोनशे चौसष्ट मिलिमीटर तार मोकळी राहिली पाहिजे. पेटीच्या गांधारासाठी जवळजवळ दोनशे बासष्ट. फरक दोन मिलिमीटरांचा! बोटाच्या टोकाची रुंदी ह्याच्या कितीतरी पट. ते बोट दोन मिलिमीटर अलीकडे सरकविले की तंबोऱ्याशी सूर मिळून येतो आणि अंगावर रोमांच उभे राहतात. पलीकडे गेले की तो सूर टोचू लागतो. गजाच्या वाद्यावर मेहनत करणारा मुलगा हे दोन मिलिमीटर दिवसातून शंभर वेळा चुकतो आणि शंभर वेळा शोधतो. कीबोर्ड वाजविणाऱ्या मुलास ते आहेत ह्याचीच वार्ता नसते. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला आपल्या दारातून बाहेर काढले आणि १९७१ पर्यंत ती बाहेरच राहिली. त्या बंदीतला अतिरेक आम्हांस मान्य नाही, पण बंदी घालणाऱ्यांना जो स्वर ऐकू येत होता तो आज आमच्या मुलांना ऐकू येतो का, हा प्रश्न शिल्लक आहेच.

ह्या दोन मिलिमीटरांसाठी आमच्याच भागात एकेकाळी केवढी खटपट झाली हे स्मरण्यासारखे आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल ह्यांनी तारेची लांबी मोजमोजून बावीस श्रुतींची प्रमाणे बसविली आणि १९१० साली त्यांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. अब्दुल करीम खाँ ह्यांच्या गळ्याचे साहाय्य त्यांस लाभले होते. साताऱ्यास न्यायाधीश असलेले आय.सी.एस. अधिकारी ई. क्लेमंट्स ह्यांनी ह्याच विषयावर १९१३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. एक महसूल खात्यातला, एक न्यायखात्यातला; दोघांपैकी एकही पेशाने गवई नाही. आमच्या आजच्या मानदंडाने पाहिले तर दोघांसही 'तुमचे हे काम नव्हे' म्हणून वाटेला लावावयास हवे होते! त्यांच्या विचारातून श्रुतींची हार्मोनियम निर्माण झाली. तीत षड्जापासून तार षड्जापर्यंत नेहमीपेक्षा कितीतरी अधिक सूर बसविलेले होते. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ह्या मतावर मोठा वाद माजला. भातखंडे ह्यांस देवल-क्लेमंट्स ह्यांची मांडणी मान्य नव्हती. पुढे ती पेटी मागे पडली आणि बारा सुरांचीच घरोघर राहिली.

वादात कोणाची बाजू किती खरी होती, हे येथे ठरवावयाचे नाही. आम्हांस त्या प्रयत्नातून एक निराळाच बोध दिसतो. देवलांनी श्रुती शोधल्या त्या ताणलेल्या तारेवर. आणि त्या कोंडल्या गेल्या पेटीच्या पट्टीत. पट्ट्या बारा असोत, बावीस असोत वा बावन्न, दोन पट्ट्यांच्या मधली जागा मुकीच राहते. दरबारीचा आंदोलित गांधार काय किंवा एका स्वरावरून दुसऱ्यावर उतरणारी मींड काय, त्या मुक्या जागेतच राहतात. जेथे शोध लागला तेथेच, म्हणजे तारेवरच, ते राहिले असते आणि त्या तारेवर कोणी गज ठेवला असता, तर सांगली-साताऱ्याच्या त्या उद्योगास निराळे फळ आले असते असे आम्हांस वाटते. तो सागवानी फळीवाला विद्यार्थी आज नकळत तेच करीत आहे. त्याच्या फळीवर पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत. षड्जापासून तार षड्जापर्यंत अखंड वाट आहे, आणि तीवरील प्रत्येक मुक्काम त्यास स्वतःच शोधावा लागतो.

स्वतः वाद्य घडविण्याने ज्ञान कसे वाढते ह्याचा दाखला आमच्या देशात फार मोठ्या माणसाने घालून दिलेला आहे. चंद्रशेखर वेंकट रामन हे नाव प्रकाशाच्या संशोधनामुळे जगास माहीत आहे, परंतु त्याआधी कित्येक वर्षे ते गजाच्या तारेमागे लागलेले होते, आणि त्यातली पुष्कळशी वर्षे ते सरकारच्या हिशेबखात्यात नोकरी करीत होते. गजाने वाजणाऱ्या तारेच्या कंपनांवरील त्यांचा प्रबंध कलकत्त्याच्या विज्ञानसंस्थेने १९१८ साली प्रसिद्ध केला. पुढे १९२० साली त्यांनी प्रयोगशाळेत एक यंत्र जुळविले. त्यात गज स्थिर ठेवून व्हायोलिनच मागेपुढे सरकविले जाई, आणि ते सरकविण्यासाठी विजेची मोटर लावलेली होती. गज घोडीपासून दूर नेला की तारेला बोलके करण्यास दाब कमी पुरतो, हे त्या यंत्रावर त्यांनी मोजून दाखविले. जे प्रत्येक सारंगियाच्या मनगटास पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते, ते अंकांत आले. तंबोऱ्याच्या जवारीवरही त्यांनी १९२१ साली लिहिले. विजेने चालविलेले व्हायोलिन पाहून रामन ह्यांस विटाळ झाला नाही. आमच्या शिक्षकांस का व्हावा?

घोडी थोडी सपाट कोरली गेली तर गज एकाच वेळी तीन तारांवर चालतो आणि एकही सूर स्वच्छ निघत नाही. फार गोल कोरली तर कडेच्या तारांकडे जाताना मनगट वाकडे करावे लागते. तारा फळीपासून उंच राहिल्या तर बोटे सोलतात. खाली आल्या तर तारा फळीवर आपटून खणखणतात. राळ कमी झाली तर गज घसरतो, जास्त झाली तर खरखरतो. घडविणारा मुलगा ह्या प्रत्येक गोष्टीचे कारण शोधतो, आणि ज्या दिवशी तो मिरजेच्या एखाद्या दुकानात जाऊन तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकविणारे वृद्ध कारागीर पाहतो, त्या दिवशी ते काय करीत आहेत हे त्यास कळते. ज्याने कधी कानस हाती धरली नाही त्याला तेथे फक्त शोभेची वस्तू दिसते.

आमच्या पक्षाविरुद्ध जे खरोखर वजनदार आहे त्याचाही विचार केला पाहिजे. उत्तम व्हायोलिनच्या जुन्या लाकडातून किंवा सारंगीच्या चामड्यातून जो नाद उमटतो, तो भरीव फळीतून आणि चकतीतून उमटत नाही. उमटतो असे जो सांगेल तो एक तर विक्रेता असावा किंवा बहिरा. तरफांचा हुंकार फळीला येत नाही. घरी केलेले हे वाद्य सारंगीच्या सिंहासनावर बसविण्याची आमची मुळीच सूचना नाही. ते पाटी आहे, ताम्रपट नव्हे. पण पाटीवर अक्षर गिरविल्यावाचून ताम्रपट कोणी कोरला आहे? शिवाय एक व्यावहारिक गोष्ट आहे. आता वाडे गेले आणि बिऱ्हाडे एकमेकांस चिकटली. नवशिक्याचे व्हायोलिन पहाटे पाच वाजता शेजारच्यांच्या कानाशी किंचाळू लागले तर चार दिवसांत भांडण ठरलेले. फळीचे वाद्य ध्वनिवर्धकाऐवजी कानावरच्या श्रवणयंत्राला जोडले की मुलगा रात्री दहानंतरही दोन तास मेहनत करू शकतो आणि शेजारधर्मही टिकतो. ज्या विजेचा एवढा तिटकारा, तिनेच मेहनतीचे दोन तास मिळवून दिले, ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरा गंभीर आक्षेप पोटाचा आहे. मुले घरीच वाद्ये करू लागली तर मिरजेच्या कारागिरांनी काय करावे? ही काळजी खरी असेल तर ती योग्य ठिकाणी वाहिली जावी. ज्या घरात पूर्वी तंबोऱ्याची जोडी असे तेथे आज एक मोबाईल आहे आणि ज्या घरात सतार असे तेथे कीबोर्ड आहे. मिरजेचे गिऱ्हाईक कमी केले ते आयत्या सुरांनी. फळी तासणाऱ्या मुलाला उलट पहिल्याच वर्षी समजते की आपल्या फळीत काय नाही. आणि जे नाही त्याची भूक ज्यास लागली, तोच पुढे पदरमोड करून चांगले वाद्य घेतो. मिरजेच्या तरुण कारागिरांनी अशा मुलांना घोडी कोरावयास आणि तार बसवावयास शिकविले, आणि जमल्यास स्वतःच विजेचे गजवाद्य घडविले, तर शिकलगारांच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांचाच कित्ता गिरविला असे होईल. एकदा तलवार सोडून भोपळा हाती धरणाऱ्यांना फळी परकी वाटण्याचे कारण नाही.

मग करावे काय? पालकांनी पुढल्या खेपेस कीबोर्ड आणण्यापूर्वी एवढेच पाहावे की, ह्या वाद्यात माझ्या मुलास सूर चुकण्याची सोय आहे का. चुकण्याची सोय नसेल तर शिकण्याचीही नाही. शिक्षकांनी वाद्य कोणत्या लाकडाचे आणि त्यास वायर आहे की नाही हे न पाहता डोळे मिटावे, तंबोरा सुरू करावा आणि मुलास गज ओढावयास सांगावे. गांधार जुळला तर त्यास पुढचा पाठ द्यावा; न जुळल्यास दोन मिलिमीटर मागे बोट घ्यावयास सांगावे. परीक्षा घेणाऱ्या संस्थांनी परीक्षार्थ्यांच्या वाद्याची जात विचारणे सोडून द्यावे. आणि आमच्या महाविद्यालयांनी, जेथे पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत ताणलेल्या तारेचे सोनोमीटर दर वर्षी कपाटातून निघते आणि दर वर्षी कपाटात जाते, त्या तारेवर एकदा तरी गज ठेवून पाहावा. देवलांच्या सांगलीत आणि क्लेमंट्स ह्यांच्या साताऱ्यात एवढे करणे जड जाऊ नये.

सारंगी ओसरीवर ठेवली तेव्हा आमच्या वाडवडिलांना आपण संगीताचे पावित्र्य राखतो आहो असेच वाटत होते. त्यांच्या सोवळ्याचे फळ आम्ही भोगतो आहो : घरोघर गाण्याची आवड आहे, आणि घरोघर गांधार चढा आहे.